उजवं चाक

नालवाडी, वर्धा
६ जानेवारी २०२५

श्री. प्रेमदास ताकसांडे, हिंगणघाट यांस,

फोन करण्याच्या भानगडीत पडू नका. तुमचा नंबर आमच्या घरातल्या तिन्ही फोनवर बंद केलेला आहे आणि तसाच राहील. मला तुमचा आवाज ऐकायचा नाही. मला उत्तर हवं आहे आणि ते लेखी हवं आहे.

तुमच्या स्मरणात असेलच, तरी लिहिते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तुम्ही आमच्या फियाटची मागची दोन्ही चाकं खोलून दुरुस्त केलीत. ९ नोव्हेंबरला पवनारहून परत येताना डावं चाक चालत्या गाडीतून शाफ्टसकट बाहेर आलं. गाडी माझे पती श्रीधर चालवत होते. आमची इला शेजारी बसली होती. तिच्या उजव्या कोपरात आज दोन पट्ट्या आणि सात स्क्रू आहेत. ती पवनारच्या शाळेत शिकवते आणि फळ्याच्या वरच्या भागावर तिला लिहिता येत नाही. मुलांना ती सांगते, मला वरचं लिहायला आवडत नाही.

स्कूटरची मूठ तिला पिळता येत नाही, बसच्या दांड्याला लोंबकळता येत नाही. म्हणून वर्ध्याच्या हेमराज मिस्त्रीकडून डावी बाजू नीट करून घेतली आणि दिवाळीपासून ती तीच गाडी घेऊन पवनारला जाते. आता उजव्या चाकाच्या आतून काळं तेल टायरवर ओघळतं आहे. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. एवढंच नाही, हेमराजने चार महिन्यांपूर्वी डावीकडे कोरं सील टाकलं, तिथेही ओल दिसू लागली आहे. तो म्हणतो, उजवी बाजू खोलण्याआधी जुन्या मिस्त्रीने आत काय घातलं ते कळलं पाहिजे.

श्रीधरना विचारून उपयोग नाही. ते 'गाडी विकून टाकू' एवढंच म्हणतात. चावी लपवून ठेवतात, मी शोधून इलाला देते. त्यांच्या मनात जी भीती बसली आहे ती तुमच्यामुळे. तुमच्यासारख्यांच्या हातात गाडी दिली ही आमची चूक झाली.

आत कोणतं बेअरिंग आहे, कोणतं सील आहे, काय नवं टाकलं आणि काय जुनंच ठेवलं, ते खरं लिहा.

शरयू देऊळकर


हिंगणघाट
११ जानेवारी २०२५

शरयूबाई देऊळकर यांना,

जय भीम. आधी 'वहिनी' लिहिलं होतं, मंग खोडलं.

तुमचं पत्र बायकोनं, अन्नपूर्णानं, पहिले वाचलं. फाडून फेका म्हणे. मी फाडलं नाई, कारण त्यात एक शब्द आहे त्याचं उत्तर मले पाह्यजे. 'तुमच्यासारख्यांच्या हातात.' तुमच्यासारखे म्हणजे कोणासारखे? चाळीस वर्षं गाड्या खोलणाऱ्यासारखे म्हणता, का दुसऱ्या कशासारखे म्हणता? साफ लिहा. अर्धं लिहून अर्धं माझ्यावर सोडू नका.

आता कामाचं. दोन्ही बाजूचे सील नवे टाकले. दोन्ही बेअरिंग नवे टाकले. तेलानं भिजलेले ब्रेकचे लायनर बदलले. बेअरिंगच्या मागं शाफ्टवर एक लोखंडी कडी बसते, तिले आम्ही कॉलर म्हणतो. ती लाल होईपर्यंत नाई, पण निळी पडेपर्यंत तापवून शाफ्टवर सोडाची. थंडी झाली की शाफ्टले असी आवळते का दहा माणसं लागले तरी निघत नाई. या गाडीचं मागचं चाक दुसऱ्या कशावर धरलेलं नसते, त्या कॉलरवरच असते. ती मी दोन्हीकडं नवी टाकली. एकदा काढलेली कॉलर पुन्हा बसवत नसतात, ती भंगारात टाकतात. हे मी तुमच्या नवऱ्याले सव्वीस वर्षांत दहा वेळा सांगतलं असन. दर रविवारी तो माझ्या दुकानात पाने-पकड देत बसे.

तुम्ही माझ्या दुकानात आल्या त्या दिवशी बाजार होता. चार गिऱ्हाईकं उभे होते, अन्नपूर्णा डबा घेऊन आली होती. 'या माणसानं माझ्या लेकीचा हात खाल्ला,' हे तुम्ही तीन वेळा म्हटलं. मले एक वाक्य बोलू दिलं नाई. तुम्ही विचाराले नव्हत्या आल्या, सांगाले आल्या होत्या. मंग जुन्या गाड्यावाल्यांच्या ग्रुपवर निघालेल्या चाकाचा फोटो टाकला, खाली माझं नाव अन् दुकानाचा पत्ता. सहा महिन्यांत दुकान बंद झालं. आता मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो. अंकित, माझा पोरगा, ज्यानं माझ्यापासून काम शिकलं, तो बुटीबोरीले कारखान्यात जाते.

तुमची ते गाडी अजून चालू आहे हे मले तुमच्या पत्रातून कळलं. मले वाटलं भंगारात गेली असन. म्हणून एक विचारतो. अपघातानंतर उजवं चाक कोणी खोललं का? हो का नाई, एवढंच लिहा. बाकीचं तुमच्या घरातच विचारा.

प्रेमदास ताकसांडे


नालवाडी, वर्धा
१५ जानेवारी २०२५

श्री. ताकसांडे यांस,

'तुमच्यासारखे' म्हणजे निष्काळजी. दुसरा अर्थ तुम्ही काढला असेल तर तो तुमचा.

तुमचं दुकान बंद पडलं ते मला आत्ता समजलं. वाईट वाटलं असं लिहिलं तर खोटं होईल. जिचं कोपर मोडलं तिने चार महिने आईच्या हाताने वेणी घालून घेतली. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी.

'घरातच विचारा' याचा अर्थ काय? घरात कोणाला विचारू? श्रीधर त्या दिवसापासून गाडीजवळ गेलेले नाहीत. तुमचं नाव निघालं की उठून आत जातात. सव्वीस वर्षांची मैत्री तुम्ही अशी निभावलीत की त्या माणसाला तुमचं नावही सहन होत नाही. स्वतःची चूक दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याची ही तऱ्हा मला शाळेत तेहतीस वर्षं पाहायला मिळाली. मुलं करायची, पण ती निदान दहा-बारा वर्षांची होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. उजवं चाक अपघातानंतर कोणीही खोललेलं नाही. कशाला खोलतील? त्यात तुमचंच काम आहे, जसंच्या तसं.

तेल अजून गळतंय. इला म्हणते, आठवडाभरापासून वळणावर मागून 'टक' असा आवाज येतो, आणि गाडी सरळ झाली की पुन्हा एकदा 'टक'. हेही तुमच्याच कॉलरचं कौतुक असेल, तर तसं लिहा.

शरयू देऊळकर


हिंगणघाट
१८ जानेवारी, सकाळ

शरयूबाई,

हे पत्र डाकेनं पाठवत नाई. अंकितच्या हाती देऊन राह्यलो. तुमच्या फाटकाच्या बाहेर तो उभा राहीन, तुम्ही वाचल्याशिवाय हलणार नाई. त्याले आत बोलवा म्हणत नाई.

इलाले आजपासून त्या गाडीत बसू देऊ नका. शाळेत गेली असन तं गाडी तिथंच सोडून ऑटोनं बोलवा.

हेमराजले बोलवा. उजवं चाक जॅकवर उचला, खाली लाकडाचे ठोकळे द्या. चाक दोन्ही हातानं धरून स्वतःकडं ओढा, मंग आत ढकला. वरखाली नाई, आतबाहेर. चाक सरकलं अन् टक वाजलं, तं कॉलर सुटत आहे. डाव्या चाकाचं जे झालं तेच उजव्याचं होईन. कधी होईन ते सांगता येत नाई. उद्या होईन, आज संध्याकाळी होईन.

हेमराजले सांगा, शाफ्ट बाहेर काढून कॉलरचा काठ पाह्य म्हणा. माझ्या कॉलरवर हातोड्याचा डाग सापडणार नाई. तिथं डाग असन तं तो कोणाचा ते मी लिहिणार नाई. मी जबान दिली आहे. लोखंड पाहून तुमाले समजन.

चाक खोलाल तेव्हा श्रीधरले तिथं उभं करा.

प्रेमदास


नालवाडी, वर्धा
२७ जानेवारी २०२५

श्री. ताकसांडे,

नऊ दिवस मी हे पत्र लिहायला बसत होते आणि उठत होते. झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर माझ्याच्याने लिहून होणार नाही.

अंकित आला तेव्हा इला निघालीच होती, गाडी सुरू होती. मी तिला उतरवलं. ती चिडली. 'आई, त्या माणसाचं ऐकून तू मला थांबवतेस?' म्हणाली. हेमराज दुपारी आला. अंगणात गाडी उचलली. श्रीधरना मी बोलावलं तर म्हणाले, 'मला बरं वाटत नाही.' मी म्हटलं, खुर्ची आणून देते, बसा.

हेमराजने चाक ओढलं. सरकलं. आगपेटीच्या काडीच्या जाडीएवढं असेल, पण सगळ्यांना दिसलं आणि टक वाजलेलं सगळ्यांनी ऐकलं. इलानं तोंडावर हात ठेवला. हेमराजने चाक काढलं, ड्रम काढला. आत सगळं काळ्या तेलाने भरलेलं होतं. प्लेटचे चार नट सोडून तो शाफ्ट ओढायला लागला, तेवढ्यात श्रीधर खुर्चीवरून म्हणाले, 'सांभाळून. त्याची कॉलर जुनीच आहे.'

हेमराज थांबला. मी विचारलं, 'तुम्हाला कसं माहीत?'

ते खुर्चीवरून उठू लागले.

'तुम्हाला कसं माहीत?' मी पुन्हा विचारलं.

'मी बसवली,' ते म्हणाले. 'दोन्हीकडची. प्रेमदासने करून दिल्यावर पंधरा दिवसांत तेल पुन्हा यायला लागलं. मला वाटलं त्याने बेअरिंग हलकं घातलं. मी नागपूरहून दुसरी आणली. लेथवाल्याकडून कॉलर दाबून काढून घेतल्या. नव्या कॉलर मिळाल्या नाहीत, मग त्याच ठोकून बसवल्या.'

'कधी?'

'तू आणि इला अमरावतीला गेला होतात तेव्हा.'

हेमराजने कॉलर पुसून मला दाखवली. काठावर गोल पंचाचे खड्डे होते, अकरा. ढिली झालेली कॉलर घट्ट व्हावी म्हणून नवशिके असे ठोके मारतात, असं तो म्हणाला.

इलाने एवढंच विचारलं, 'बाबा, दवाखान्यात मी विचारलं होतं ना तुम्हाला?' श्रीधर म्हणाले, 'तेव्हा तू शुद्धीत नव्हतीस नीट.' ती म्हणाली, 'होते.' आणि आत गेली. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोललेली नाही. जेवायला वेगळी बसते.

आता तुमच्याकडे वळते. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तुमच्या दुकानात ओरडत होते तेव्हाही माहीत होतं. कसली जबान? कोणाला दिली? उजवीकडेही तेच ठोकलेलं आहे हे ठाऊक असून तुम्ही चौदा महिने तोंड मिटून बसलात. या तीन महिन्यांत ते चाक पुलावर निघालं असतं तर तुमची ती जबान कोणी चाटून पुसून ठेवली असती?

माझ्या नवऱ्याने खोटं बोलून जे केलं, ते तुम्ही गप्प राहून केलंत. मला यात फार फरक दिसत नाही.

शरयू


हिंगणघाट
२ फेब्रुवारी २०२५

शरयूबाई,

फरक आहे. तुमाले दिसत नसन तं मी दाखवतो.

अपघाताच्या तिसऱ्या दिवशी श्रीधर माझ्याकडं आला. दुकानात नाई, घरी. इला तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर होती. माझ्या पायावर डोकं ठेवाले लागला. मी उठवलं. म्हणे, 'प्रेमदास, इला घरी येईपर्यंत गप्प राह्य. माझ्यानं झालं हे तिले आत्ता कळलं तं ते माझं तोंड पाह्यणार नाई. ते उठून बसली का मी स्वतः सांगतो.' मी जबान दिली. इला माझ्याही दुकानात लहानपणी खेळली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आल्या. मी श्रीधरच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो. तो तुमच्या मागं रस्त्यावर उभा होता, तुमाले ते आठवत नसन. तुम्ही तीन वेळा म्हटलं अन् तो तीन वेळा खाली पाहून राह्यला. इला घरी आली. मी वाट पाह्यली. ते शाळेत जाऊ लागली. मी वाट पाह्यली. ग्रुपवर लोकं मले शिव्या देत होते, तो त्या ग्रुपात होता. मंग मी वाट पाहणं सोडलं. सांगाचं तरी कोणाले? तुमच्या तिन्ही फोनात मी बंद. माझ्या शब्दावर तुमच्यापैकी कोण विश्वास ठेवणार होतं?

गाडी चालू आहे, ते मले माहीत नव्हतं, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं. उजवं चाक कोणी खोललं का, हे काऊन विचारलं होतं, आता समजलं असन. तुमचं 'नाई' आलं त्या दिवशी मी अंकितले सुट्टी काढाले लावली.

एवढं माझं. आता एक गोष्ट जे मले लिहाची नव्हती.

तुम्ही लिहिलं का डावीकडं हेमराजनं कोरं सील टाकलं तरी चार महिन्यांत ओल आली. हे वाचून मी दोन दिवस विचार करून राह्यलो. शाफ्ट दुसरा, सील नवं, मिस्त्री दुसरा, अन् तेल तरी येते. म्हणजे दोष सीलचा नाई, बेअरिंगचा नाई. मागच्या धुऱ्याचं जे लांब घर असते, त्याच्या माथ्यावर एक लहान टोपी असते, सुपारीएवढी. तिले भोक असते. गाडी चालली का आतलं तेल तापते, हवा फुगते, ते त्या भोकातून निघून जाते. भोक बुजलं तं हवा सीलमधून वाट काढते अन् तेल घेऊन बाहेर येते. मंग कितीही सील बदला.

हेमराजले ते टोपी पाह्यले सांगा. भोक मोकळं असन तं माझं काही म्हणणं नाई. बुजलेलं असन तं पहिली चूक माझी आहे. चाळीस वर्षं दर गाडीचं ते भोक मी तारेनं साफ केलं. या गाडीचं केल्याचं मले आठवत नाई. त्या दिवशी श्रीधर गप्पा मारत होता अन् मी हसत होतो, एवढंच आठवते. मी ते भोक पाह्यलं असतं तं तेल पुन्हा आलंच नसतं, अन् त्याले माझ्यावर शंका घ्याची गरज पडली नसती.

त्यानं माझ्याकडं परत न येता मले चोर समजलं, ते वेगळं. ते मी त्याच्या खात्यात ठेवतो. भोक माझ्या.

प्रेमदास


नालवाडी, वर्धा
१० फेब्रुवारी २०२५

श्री. प्रेमदास,

टोपी बुजलेली होती. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं आणि वर कित्येक वर्षांचा चिखल. हेमराजने टोपी काढून रॉकेलात बुडवली, तेव्हा त्यातून सबंध मातीची गोळी निघाली. ती मी पाहिली.

उजव्या शाफ्टवर ठोकण्याचे व्रण इतके होते की तो वापरता येईना. नागपूरहून दुसरा आणला. नवं बेअरिंग, नवं सील. नवी कॉलर तुम्ही लिहिलंत तशी निळी पडेपर्यंत तापवली आणि शाफ्टवर सोडली. हातोडा लागला नाही. आपोआप सरकून जागेवर बसली. मी समोर उभी होते. इतकं सोपं काम आहे हे पाहून मला फार राग आला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

इलाने चार दिवस गाडी चालवली. चाकं कोरडी आहेत, दोन्ही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर पुरं नव्हतं. 'तुमच्यासारखे' लिहिताना दुसरा अर्थ माझ्या मनात अजिबात नव्हता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तुमच्या ओट्यावर मी चहा प्यायले आहे, दिवाळीला तुम्ही आमच्याकडे आला आहात, म्हणून मला वाटायचं की माझ्या मनात तसलं काही नाही. चाक निघाल्यावर मी श्रीधरना एकही प्रश्न विचारला नाही. सरळ तुमच्या दुकानात आले. दोन माणसांपैकी कोणी चूक केली असेल हे ठरवायला मला एक मिनिटही लागलं नव्हतं. असं का झालं याचा विचार आता करते आहे. तो तुम्ही वाचावा म्हणून लिहीत नाही, विचारलं होतंत म्हणून लिहिते.

ग्रुपवर काल मी सगळं लिहिलं, श्रीधरचं नाव घेऊन, जुन्या फोटोखालीच. टोपीचंही लिहिलं, कारण तुम्ही स्वतः सांगितलंत. श्रीधर म्हणाले, 'माझं नाव टाकायची काय गरज होती?' मी म्हटलं, 'त्यांचं टाकलं होतं ना.'

रविवारी मी तुमच्या दुकानासमोर येते. दुकान बंद असलं तरी शेजारचे तेच असतील. ज्या जागी उभी राहून बोलले त्या जागी उभी राहून सांगेन. माफी मिळावी म्हणून येत नाही. तुम्ही गप्प राहिलात त्याचा माझा राग पूर्ण गेलेला नाही आणि तो जाईल असं वचनही देत नाही. श्रीधर येत नाहीत. मी ओढून आणणार नाही. त्यांनी एक चिठ्ठी दिली आहे, मी वाचलेली नाही.

शरयू


(चिठ्ठी)
९ फेब्रुवारी

प्रेमदास,

चार वेळा लिहून फाडलं. मी लिहिणारा माणूस नाही हे तुला माहीत आहे.

मला सांगायचंच होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. इला शाळेत जायला लागली तेव्हा वाटलं, आता कशाला पुन्हा उकरायचं. मग तुझं दुकान बंद झाल्याचं कळलं आणि त्यानंतर तर सांगणं आणखीच अवघड झालं. दिवस जितके गेले तितकं ते जड होत गेलं.

बेअरिंगवरून तुझ्यावर शंका घेतली, त्याची मला जास्त लाज वाटते. तुला येऊन विचारायला हवं होतं. तू हसला असतास आणि झालं असतं.

घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. तक्रार नाही. मी एकदा येऊन जाऊ का, एवढं कळव. तू नाही म्हणालास तर येणार नाही.

श्रीधर


हिंगणघाट
२३ फेब्रुवारी २०२५

श्रीधर,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझी बायको आली होती त्या रविवारचं पहिले सांगतो, कारण तू ते पाह्यले पाह्यजे होतं अन् तू नव्हता.

इलानं गाडी चालवत आणली. दुकानाच्या शटरपुढं थांबवली. शरयूबाई उतरल्या अन् शेजारच्या पानठेल्यावाल्याले, टायरवाल्याले, समोरच्या किराणावाल्या मनकर्णाबाईले हाक मारून बोलावलं. लोकं जमले. मले वाटलं रडतीन. रडल्या नाई. वर्गात बोलतात तसं बोलल्या. 'पंधरा महिन्यांपूर्वी मी इथं उभी राहून या माणसाला दोष दिला. तो दोष माझ्या नवऱ्याचा होता. मी न विचारता बोलले.' मंग माझ्या चुकीचंही सांगतलं, टोपीच्या भोकाचं, माझ्याकडं पाहून. मी मान हलवली. टायरवाला म्हणे, 'हे आता सांगून काय फायदा, बाई, याचं दुकान तं गेलं.' त्या म्हणाल्या, 'फायदा नाही. खरं आहे म्हणून सांगितलं.'

अन्नपूर्णा शटरच्या बाजूले उभी होती. तिनं त्यांना खुर्ची दिली नाई. पाणी दिलं, ते इलाले. मंग सगळ्यांसमोर म्हणाली, 'सांगाले दोन बाया आल्या. करणारा कुठं आहे?' शरयूबाई गाडीत जाऊन बसल्या. इला मात्र थांबली. मले म्हणे, 'काका, एकदा खालून पाहून द्या.' मी नाई म्हणणार होतो. तिनं बाही वर केली नव्हती, पण ते कोपर पुरं सरळ होत नाई, ते दिसलं. मी खाली सरकलो. दोन्ही चाकं आतून कोरडे आहेत. हेमराजनं काम चांगलं केलं, त्याले सांग.

तेव्हापासून दोघं जण गाड्या घेऊन विचाराले आले. नागपूरचा एक अन् वरोऱ्याचा एक. मी हो म्हटलं नाई अजून. अंकित म्हणते, 'बाबा, शटर उघडा.' माझे हात पहिल्यासारखे राह्यले नाई. अन् उघडलं तरी त्यात जुना प्रेमदास बसलेला दिसणार नाई, हे त्याले समजत नाई.

आता तुझं. तू लिहिलं का दिवस गेले तसं जड झालं. ते चौदा महिने माझ्या अंगावर कोणाचं जड होतं? तू एक शब्द गिळत होता अन् मी दुकानाचं भाडं, अंकितचं शिकलेलं काम, अन्नपूर्णाचं शेजारपाजार गिळत होतो. तू बायकोच्या मागं रस्त्यावर उभा होता अन् खाली पाह्यलं, ते मी विसरत नाई. तू चूक केली त्याचा मले राग नाई. कॉलर माझ्याही हातून एकदा वाकडी बसली होती, तुले माहीत आहे, तूच धरून होता.

मी माफ केलं असं लिहाले हात होत नाई. खोटं लिहू का?

एका महिन्यानं इला गाडी घेऊन येईन, मी तिले बोलावलं आहे. नवं बेअरिंग एवढं चाललं का एकदा पाह्यले लागते. ते मी पाहून देईन. तिच्यासंग तू येऊ नको, असं लिहाचं होतं. अन्नपूर्णानंही तेच लिहाले सांगतलं.

पण तू विचारलं, म्हणून लिहितो. आलाच तं गाडीतच बसून राह्यजो. उतरू नको. मी खिडकीपाशी येतो का नाई, ते मले आज माहीत नाई.

प्रेमदास